परवान्याची परीक्षा आणि संगणकावरचा नकाशा

वाहन चालवण्याचा परवाना मिळवण्यासाठी दोन परीक्षा द्याव्या लागतात, हे घरातल्या मोठ्या माणसांकडून तुम्ही ऐकले असेलच. पहिली परीक्षा शिकाऊ परवान्याची. तीत रस्त्यावरच्या खुणा आणि वाहतुकीचे नियम यांवर प्रश्न विचारतात. ही परीक्षा आता घरी बसून संगणकावरही देता येते. दुसरी परीक्षा मात्र घरी बसून होत नाही. शिकाऊ परवाना मिळून निदान ३० दिवस झाले, की उमेदवाराला मोटार वाहन निरीक्षकांसमोर प्रत्यक्ष वाहन चालवून दाखवावे लागते.

आता वर्धा जिल्ह्यातील देवळी गावच्या एका उमेदवाराचा विचार करू. समजा, शेजारची एक ताई मोटार चालवायला शिकली आहे. तिचा सराव गावातल्या आणि आसपासच्या ओळखीच्या रस्त्यांवर झाला आहे. परीक्षेसाठी तिला वर्ध्याला बोलावले आहे. एमएच ३२ या क्रमांकाची वाहने तुम्ही रोज पाहता, त्यांची नोंद करणारे उपप्रादेशिक परिवहन कार्यालय वर्ध्याला आहे. देवळीहून वर्धा सुमारे १८ किलोमीटर. ताईला गाडीच्या यंत्राची धास्ती नाही. धास्ती आहे ती अनोळखी रस्त्याची, अनोळखी चौकाची आणि उशीर होण्याची.

ही धास्ती कमी करण्याचे एक साधन आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. ते म्हणजे संगणकावर किंवा मोबाईलवर दिसणारा नकाशा. पण हा नकाशा वाचायचा कसा, त्यावर मोजमाप कसे करायचे आणि त्याच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे ठाऊक असेल तरच त्याचा उपयोग. या लेखात आपण तेच पाहणार आहोत. त्यासाठी वाहनाला हात लावण्याची गरज नाही. वही, पट्टी आणि नववीच्या पुस्तकातले गतीविषयक समीकरण एवढे पुरे.

परीक्षेत काय पाहतात?

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत या परीक्षेत काय काय पाहावे, याची यादीच दिली आहे. निघण्यापूर्वी आरसा नीट लावला का? मागेपुढे पाहून गाडी हलवली का? गिअर योग्य वेळी बदलला का? चढावर थांबलेली गाडी मागे न घसरता पुढे नेता येते का? डावीउजवीकडे वळताना वेळेवर इशारा दिला का? चौकाजवळ वेग कमी केला का? गाडी मागे घेता येते का? कित्येक ठिकाणी यासाठी मैदानावर इंग्रजी आठ किंवा एच या अक्षरासारखी वाट आखलेली असते.

या यादीकडे नीट पाहा. तीतील निम्मी कामे हातापायांची आहेत. क्लच, ब्रेक, सुकाणू यांचा तो सराव आहे आणि तो नकाशावर होणार नाही. उरलेली निम्मी कामे मात्र डोळ्यांची आणि डोक्याची आहेत. पुढे काय येणार आहे, हे ओळखून आधीच तयारी करणे, हे त्यांचे सार. या दुसऱ्या भागात नकाशा मदत करतो.

ब्रिटनमध्ये मोटारचालकांसाठी अशी परीक्षा १९३५ साली सक्तीची झाली. तेथे परीक्षा भर रस्त्यावर होते. ४ डिसेंबर २०१७ पासून तेथील परीक्षेत एक बदल झाला. उमेदवाराने सुमारे २० मिनिटे स्वतःच्या बुद्धीने वाट काढत गाडी चालवायची, आणि बहुतेक उमेदवारांना त्या वेळी वाट दाखवणाऱ्या यंत्राच्या सूचनांप्रमाणे जावे लागते. म्हणजे नकाशाची सूचना ऐकूनही रस्त्यावरचे लक्ष ढळू न देणे, हेच तेथे एक कौशल्य मानले गेले आहे.

नकाशा आला कोठून?

मोबाईलवरचा नकाशा आपल्याला आजचा वाटतो. पण त्याचे एक मूळ तुमच्याच जिल्ह्यात आहे. वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्बटन यांची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ त्यांनी भारताच्या मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. जमिनीवर सुमारे १२ किलोमीटर लांबीची एक रेषा त्यांनी साखळीने मोजली. एवढ्या एका रेषेला ५७ दिवस लागले. त्यानंतर मात्र साखळीचे काम फारसे उरले नाही. रेषेच्या दोन टोकांवरून दूरच्या एखाद्या टेकडीकडे पाहायचे आणि कोन मोजायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्यालगतचे दोन कोन कळले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात, हे तुम्ही भूमितीत शिकला आहात. त्या बाजूंवर पुढचे त्रिकोण उभे करायचे. अशी त्रिकोणांची साखळी साधारण ७८ व्या रेखांशाला धरून दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्धा टन वजनाचे होते. हे काम चालू असतानाच, नागपूरच्या वाटेवर हिंगणघाट येथे जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटन यांचे निधन झाले. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ते काम उत्तरेकडे नेले.

आज टेकड्यांची जागा उपग्रहांनी घेतली आहे. स्थाननिश्चितीचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रह आपली वेळ आणि आपली जागा सांगणारे संदेश सतत पाठवतो. संदेश पोचायला किती वेळ लागला त्यावरून तो उपग्रह किती दूर आहे, हे मोबाईल काढतो. निदान ४ उपग्रहांची अशी अंतरे मिळाली, की आपली जागा निश्चित होते. रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. म्हणून वेळ मोजण्यात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होईल! या उपग्रहांमध्ये अणुघड्याळे बसवतात, ती एवढ्यासाठीच.

तरीही मोबाईलने दाखवलेल्या जागेत मोकळ्या आकाशाखाली काही मीटरांचा फरक पडतो. उंच इमारतींत किंवा दाट झाडीत तो वाढतो. रस्त्याची एक मार्गिका साधारण साडेतीन मीटर रुंद असते, हे लक्षात घ्या. मग आपण रस्त्याच्या डाव्या बाजूला आहोत की मध्यभागी, हे मोबाईल खात्रीने कसे सांगणार? ते चालकाच्या डोळ्यांनीच ठरवायचे.

देवळीचा एक बिंदू

संगणकावर नकाशा मोठा करत गेलो की नवे नवे तपशील दिसू लागतात. त्यामागची युक्ती सोपी आहे. सर्वांत वरच्या पातळीवर साऱ्या जगाचा नकाशा एका चौकोनात बसवलेला असतो. हा चौकोन २५६ बिंदू लांब आणि २५६ बिंदू रुंद असतो. पुढच्या पातळीवर त्याचे ४ चौकोन होतात, त्यापुढे १६, मग ६४. अठराव्या पातळीवर सुमारे ६,८७२ कोटी चौकोन होतात. तुमच्या पडद्यावर मात्र त्यांतले हवे तेवढेच मोजके चौकोन येतात.

आता देवळीजवळ एका बिंदूत किती जमीन मावते ते काढू. अठराव्या पातळीवर आडव्या दिशेने २,६२,१४४ चौकोन असतात. प्रत्येकात २५६ बिंदू, म्हणजे एकूण सुमारे ६ कोटी ७१ लाख बिंदू. विषुववृत्ताचा परीघ सुमारे ४०,०७५ किलोमीटर. भागाकार केला की विषुववृत्तावर एका बिंदूला सुमारे ६० सेंटिमीटर येतात. देवळी सुमारे २०.६५ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे पृथ्वीचा आडवा घेर विषुववृत्ताच्या ०.९३६ पट भरतो. म्हणून देवळीत एक बिंदू म्हणजे सुमारे ५६ सेंटिमीटर.

यावरून एक गोष्ट उघड होते. परीक्षेचे मैदान, त्याचे फाटक, आतला रस्ता हे सारे आकाशातून घेतलेल्या चित्रात या पातळीवर चांगले दिसेल. पण मैदानावर आखलेली १० सेंटिमीटर रुंदीची चुन्याची रेघ एका बिंदूतच विरून जाईल. नकाशात एखादी गोष्ट दिसत नाही म्हणजे ती तेथे नाही, असे म्हणता येत नाही.

करून पाहा : संगणकाच्या नकाशावर एका कोपऱ्यात छोटी मोजपट्टी असते. नकाशा लहानमोठा न करता फक्त कन्याकुमारीपासून श्रीनगरपर्यंत वर सरकवा आणि मोजपट्टीकडे लक्ष ठेवा. पट्टीवरचा आकडा किंवा पट्टीची लांबी बदलेल. हा नकाशा ज्या प्रक्षेपाने काढतात, त्यात उत्तरेकडचा प्रदेश जास्त ताणलेला दिसतो. देवळीजवळ हा ताण सुमारे ७ टक्के आहे, श्रीनगरजवळ तो सुमारे २० टक्के होतो. म्हणून पडद्यावर लाकडी पट्टी ठेवून अंतर मोजू नये. नकाशात अंतर मोजण्याची सोय असते, तीच वापरावी. ती हा ताण हिशेबात धरते.

किती वाजता निघावे?

देवळीचे अक्षांश-रेखांश सुमारे २० अंश ३९ मिनिटे उत्तर, ७८ अंश २९ मिनिटे पूर्व. वर्ध्याचे सुमारे २० अंश ४५ मिनिटे उत्तर, ७८ अंश ३६ मिनिटे पूर्व. अक्षांशांतला फरक ६ मिनिटे, म्हणजे सुमारे ११.१ किलोमीटर. रेखांशांतला फरक ७ मिनिटे, म्हणजे या अक्षांशावर सुमारे १२.१ किलोमीटर. पायथागोरसचा सिद्धांत लावला, की सरळ रेषेतले अंतर सुमारे १६.४ किलोमीटर येते. रस्त्याने ते सुमारे १८ किलोमीटर भरते. म्हणजे हा रस्ता बराचसा सरळ आहे, हे नुसत्या आकडेमोडीवरून कळले. देवळीहून निघाले की वाटेत सेलसुरा लागते, पुढे सावंगी (मेघे) आणि मग वर्धा. तुळजापूरहून यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीकडे जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१.

सरळ आणि रुंद रस्ता पाहिला की वेग वाढवण्याचा मोह होतो, विशेषतः उशीर झाला असेल तर. आता हिशेब करू. १८ किलोमीटर अंतर ताशी ४० किलोमीटर वेगाने २७ मिनिटांत कापले जाईल, ताशी ६० वेगाने १८ मिनिटांत. वाचली ती फक्त ९ मिनिटे. या ९ मिनिटांची किंमत काय?

धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद जातो असे धरू. तेवढ्या वेळात गाडी पूर्वीच्याच वेगाने पुढे जाते. ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरी रस्त्यावर वेग दर सेकंदाला सेकंदाला ५ मीटर याप्रमाणे कमी होतो असे समजू. थांबेपर्यंतचे अंतर काढण्याचे सूत्र तुम्हांला ठाऊक आहे :

ब्रेक लागल्यानंतरचे अंतर = वेगाचा वर्ग ÷ (२ × मंदन)

ताशी २० किलोमीटर : ५.६ + ३.१ = ८.७ मीटर
ताशी ४० किलोमीटर : ११.१ + १२.३ = २३.४ मीटर
ताशी ६० किलोमीटर : १६.७ + २७.८ = ४४.५ मीटर

वेग दीडपट झाला, पण थांबण्याचे अंतर जवळजवळ दुप्पट झाले. पावसाने रस्ता ओला झाला आणि मंदन निम्म्यावर आले, तर ताशी ६० वेगाला ७२ मीटरांहून अधिक जागा लागेल. आता नकाशावर अंतर मोजण्याची सोय उघडा आणि आपल्या शाळेच्या फाटकापासून रस्त्यावर ७२ मीटर मोजा. ती रेघ कोठपर्यंत पोचते ते पाहा. मधे किती दुकाने, किती बोळ, किती घरांची दारे येतात? तेवढ्या जागेत कोणीही आडवे आले, तर ओल्या रस्त्यावरची ती गाडी वेळेत थांबणार नाही. सूत्रातला आकडा आणि ओळखीची जागा यांची अशी गाठ पडली, की आकडा विसरत नाही.

देवळी-वर्धा हा रस्ता काही नुसते उदाहरण नाही. जानेवारी २०२२ मध्ये याच रस्त्यावर सेलसुऱ्याजवळ रात्रीच्या वेळी एक मोटार पुलावरून खाली कोसळली आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे ७ विद्यार्थी मृत्युमुखी पडले. पूल, वळण आणि अंधार यांची आठवण ठेवूनच या रस्त्याचा नकाशा वाचायला हवा. ९ मिनिटे वाचवण्यापेक्षा ती आधी निघून मिळवावीत, हे आपल्या गणिताचे उत्तर.

वळण किती अवघड?

नकाशावर वळण दिसते, पण ते किती तीव्र आहे हे नजरेने सांगणे कठीण. येथे वर्तुळाची भूमिती कामाला येते. वळण म्हणजे एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असे समजा. वळणाच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा म्हणजे जीवा. जीवेच्या मध्यापासून रस्त्यापर्यंतचे लंब अंतर म्हणजे कमानीची उंची. दोन्ही अंतरे नकाशावर मोजता येतात. मग

त्रिज्या = (जीवेचा वर्ग) ÷ (८ × उंची) + (उंची ÷ २)

समजा, एका वळणाची जीवा ६० मीटर आणि उंची ५ मीटर भरली. त्रिज्या = ३६०० ÷ ४० + २.५ = ९२.५ मीटर. वळणावर गाडीला आत ओढून धरणारे बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळते. त्यासाठी लागणारे त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या इतके असते. ताशी ४० वेगाला ते १.३ येते, ताशी ६० वेगाला ३.० मीटर प्रति सेकंद वर्ग. गुरुत्वीय त्वरण ९.८ आहे. म्हणजे ताशी ६० वेगाने वळताना वजनाच्या जवळपास एक-तृतीयांशाएवढे बल घर्षणातून यावे लागेल. कोरड्या, स्वच्छ रस्त्यावर ते मिळेल. पण वळणावर वाळू किंवा चिखल पसरला असेल तर मिळेलच असे नाही. आता 'वळण येण्यापूर्वीच वेग कमी करा' असे शिकवणारे का सांगतात, ते कळले ना? वळणावर पोचल्यावर जोरात ब्रेक दाबला, तर त्याच घर्षणाला दोन कामे एकदम करावी लागतात.

ताईने घरापासून परीक्षेच्या जागेपर्यंतची वळणे अशी मोजून क्रमाने लिहिली, तर कोणत्या वळणापूर्वी कोणता गिअर घ्यायचा हे तिला आधीच ठरवता येईल.

नकाशाला काय कळत नाही?

येथवर नकाशाचे गुण पाहिले. आता त्याच्या मर्यादा पाहू. त्या ध्यानात न घेणारा माणूस नकाशा नसलेल्यापेक्षाही जास्त अडचणीत येतो.

पहिली मर्यादा वयाची. नकाशा किंवा आकाशातले चित्र कधी घेतले, हे पाहिले पाहिजे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. वर्धा ते कळंब या देवळीवरून जाणाऱ्या रेल्वेमार्गाचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. त्याआधीच्या चित्रात या मार्गांवर चालू वाहतूक कोठून दिसणार? रस्ता, पूल, दुभाजक काही महिन्यांत बदलतात. चित्र मात्र जुनेच राहू शकते.

दुसरी मर्यादा निवडीची. वाट विचारताना वाहनाचा प्रकार सांगावा लागतो. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. स्कूटरवर जाणाऱ्याने चुकून मोटारीची वाट निवडली, तर नकाशा त्याला बंदी असलेल्या रस्त्याकडेही नेईल. दोष नकाशाचा नाही, प्रश्न चुकीचा विचारला गेला.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी. रस्त्यावर जे हलते, ते नकाशात नसते. देवळीच्या परिसरात कापसाचा हंगाम आला की बंड्या आणि ट्रॅक्टर कापूस भरून रस्त्याला लागतात. संध्याकाळी बंडीला मागे दिवा नसेल, तर ती फार जवळ गेल्यावर दिसते. गुरे घराकडे परततात. शाळा सुटते. आठवडी बाजाराच्या दिवशी रस्त्याची रुंदी निम्मी होते. गतिरोधकावरचे पांढरे पट्टे पुसलेले असतात. यांतले काहीही नकाशावर खात्रीने सापडणार नाही. नकाशा 'रस्ता मोकळा आहे' असे दाखवतो, त्याचा अर्थ वाहनांचा सरासरी वेग बरा आहे एवढाच. पुढच्या क्षणी चेंडूमागे धावत येणारे मूल त्या सरासरीत नसते.

म्हणून नकाशावरचा अभ्यास प्रत्यक्षाशी पडताळून पाहायला हवा. त्यासाठी उत्तम साधन म्हणजे एस.टी. देवळी-वर्धा प्रवासात पुढच्या बाजूची खिडकीची जागा मिळवा. आधी घरी केलेली वही जवळ ठेवा.

रस्त्याची वही

वहीचे एक पान घेऊन त्यावर चार स्तंभ आखा. पहिल्यात गावापासूनचे अंतर लिहा. दुसऱ्यात नकाशावर काय दिसले ते : वळण, चौक, पूल, शाळा, फाटा. तिसरा स्तंभ रिकामा ठेवा. तो प्रवासात भरायचा : गतिरोधक, खड्डा, झाडामागे झाकलेली पाटी, बसथांबा, गुरांची वाट. चौथ्या स्तंभात चालकाने काय करावे ते लिहा : आरसा पाहणे, इशारा देणे, वेग कमी करणे, थांबणे.

वाटेतल्या पाट्यांचे आकारही टिपा. गोल पाटी आज्ञा देते, ती पाळलीच पाहिजे. त्रिकोणी पाटी सावध करते. आयताकृती पाटी माहिती देते. कोणती पाटी कोणत्या धोक्याच्या किती अलीकडे लावली आहे, तेही पाहा. मग मघाच्या थांबण्याच्या अंतराशी ते ताडून बघा. पाटी एवढ्या अलीकडे का लावतात, याचे उत्तर तुम्हांला आपोआप मिळेल.

दुसरा आणि तिसरा स्तंभ शेजारी ठेवून वाचले, की नकाशाला काय कळत नाही याची यादी तुमच्या हाती येईल. ही वही ताईला द्या. परीक्षेच्या आदल्या दिवशी तिने डोळे मिटून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मनातल्या मनात प्रवास करावा. पुढे काय येणार हे ठाऊक असले, की ऐन वेळी मन शांत राहते आणि लक्ष हलणाऱ्या गोष्टींवर देता येते. मात्र परीक्षेची जागा आणि वेळ कार्यालयाकडून आलेल्या सूचनेवरूनच पक्की करावी, नकाशावरच्या नावावरून नव्हे. आणि वाहन चालवताना मोबाईल हातात घेऊ नये. नकाशा पाहायचा तो निघण्यापूर्वी, वाटेत पाहावाच लागला तर गाडी बाजूला उभी करून.

शिक्षकांसाठी सूचना : वर्गाचे चार-पाच गट करून प्रत्येक गटाला शाळेपासून वेगवेगळ्या दिशेचा एकेक किलोमीटर रस्ता द्यावा. अंतर, वळणांची त्रिज्या आणि थांबण्याचे अंतर यांची आकडेमोड वर्गात करावी. प्रत्यक्ष पाहणी पायी, रस्त्याच्या कडेने आणि शिक्षकांबरोबरच करावी. महामार्गावर टेप धरून मोजमाप करू नये. सर्व गटांची पाने एकत्र लावली, की गावाचा 'सावधानतेचा नकाशा' तयार होईल. तो शाळेच्या फलकावर लावण्याजोगा असेल, आणि नगरपरिषदेला दाखवण्याजोगाही. पुसलेले पट्टे आणि झाकलेल्या पाट्या यांची अशी नेमकी यादी सहसा कोणाकडे नसते.

तुमची पाळी केव्हा?

तुमच्यातल्या काहींना वाटेल, 'आम्हांला तर गाडी येतेच, परीक्षा कशाला?' कायदा काय सांगतो ते पाहा. मोटारीचा किंवा गिअरच्या दुचाकीचा परवाना १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. १६ वर्षांनंतर पालकांच्या संमतीने फक्त ५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर त्याचे पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. त्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते. त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे दोन-तीन वर्षे धीर न धरण्याची किंमत सात-आठ वर्षे!

तोवर हातपाय थांबू द्या, डोळे आणि डोके मात्र आजपासून कामाला लावा. सायकलवर जातानाही डावी बाजू सोडू नका, वळताना हात दाखवा, चौकात थांबून पाहा. १८ व्या वर्षी गाडी चालवायला बसाल तेव्हा शिकण्यासारखे फक्त क्लच आणि गिअर उरलेले असतील.

सोडवा पाहू :

१. एका वळणाची जीवा ४० मीटर आणि कमानीची उंची २ मीटर आहे. वळणाची त्रिज्या किती?

२. नकाशाच्या सतराव्या पातळीवर देवळीजवळ एका बिंदूत किती सेंटिमीटर जमीन मावेल?

३. संधिप्रकाशात पुढची बंडी ३० मीटर अंतरावर आल्यावर दिसली. ती रस्त्यात उभी आहे. मोटारीचा वेग ताशी ५० किलोमीटर आहे. लेखात धरलेल्या वेळेने आणि मंदनाने मोटार वेळेत थांबेल का?

उत्तरे : १. १०१ मीटर. २. सुमारे ११२ सेंटिमीटर. ३. नाही, थांबायला सुमारे ३३ मीटर लागतील.